अकरा सेकंदांचा शर्ट

धूर उत्तम निघाला, याबद्दल नंतरही कुणाचं दुमत नव्हतं. राखाडी, जड, जिन्याच्या वळणावरून घरंगळत येणारा, भिंतीपाशी किंचित रेंगाळणारा. सूनबाईंनी तो तीन तास खपून बसवला होता. चूक एवढीच झाली, की स्टुडिओच्या ग्रुपवर पाठवायचा तो व्हिडिओ बिल्डिंगच्या ग्रुपवर गेला, आणि त्याखाली त्यांनी मोठ्या हौसेनं लिहिलं होतं, 'दुसऱ्या मजल्यावरचा बघा. जमलाय ना?'

सात मिनिटांत सगळी बिल्डिंग फाटकापाशी. कुणाच्या हातात कागदपत्रांची पिशवी, कुणाच्या हातात कुकरची नुसती शिट्टी. समोरच्या वहिनींच्या तोंडाला कसलासा हिरवा लेप. सेक्रेटरी बादली घेऊन दुसऱ्या मजल्यावर पोचले. तिथे आग सापडेना, तेव्हा एवढ्या वर चढवलेलं पाणी वाया कशाला घालवायचं, म्हणून त्यांनी ते सूनबाईंच्या पायपुसण्यावर ओतलं.

"अहो, पण त्याच्यावर आडवं 'चाचणी प्रत' असं लिहिलेलं होतं," सूनबाई म्हणाल्या. "चांगलं हाताएवढ्या अक्षरांत!"

"आग लागल्यावर वाचत कोण बसतं?" सेक्रेटरी म्हणाले.

सूनबाईंनी पायपुसणं पिळलं आणि दार लावून घेतलं.

सूनबाईंचं वय सत्तेचाळीस. या वयात खरं म्हणजे माणसाला दुसरं काहीतरी म्हणायला हवं, पण सासूबाई हाक मारायच्या तीच हाक बिल्डिंगनं उचलली होती. त्यांचं काम समजावून सांगायला अवघड. एका चित्रावर दुसरं चित्र असं चढवायचं, की मधली शिवण दिसता कामा नये. रिकाम्या खिडकीबाहेर समुद्र आणायचा, कोरड्या रस्त्यावर पाऊस पाडायचा, नटीच्या डोक्यावरची माइकची काठी पुसून टाकायची. हे त्या कुठे शिकल्या नव्हत्या. जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला बसून, चुकत, खोडत, स्वतःच शिकल्या होत्या. स्टुडिओत बाकी सगळे निम्म्या वयाचे आणि पदवीवाले. ते त्यांना 'मॅडम' म्हणत. पण बसमध्ये एखाद्याला उठून जागा देताना जो सूर लागतो, त्या सुरात.

म्हणून मालकांनी जेव्हा म्हटलं, "मॅडम, हा नवा प्लगइनचा संच आलाय. चौदा दिवस फुकट वापरायला देतायत, फक्त चित्रावर आडवं 'चाचणी प्रत' उमटतं. तुम्ही तपासा. घ्यायचा की नाही, ते तुमच्या अहवालावर ठरवू," तेव्हा सूनबाई घरी चालत आल्या. बसमध्ये बसवेना इतका आनंद झाला होता. प्लगइन म्हणजे काय, तर आपल्या रोजच्या सॉफ्टवेअरला जोडायची अवजारांची पेटी. या पेटीत सेहेचाळीस अवजारं होती, आणि अहवालाच्या फॉर्ममध्ये अडतीस प्रश्न. खाली 'तपासणाऱ्याचे नाव' अशी ठळक ओळ होती. ती ओळ सूनबाईंनी सगळ्यात आधी भरली.

चौदातला पहिला दिवस नोंदणीतच गेला. कंपनीला 'विभागप्रमुखां'चा फोन नंबर हवा होता. घरातून काम करणाऱ्या बाईचा विभागप्रमुख कोण? सूनबाईंनी प्रामाणिकपणे विचार केला आणि सासूबाईंचा नंबर घातला. लगेच सासूबाईंच्या फोनवर सहा आकडी कोड आला.

"आई, तेवढे आकडे वाचून दाखवा."

"नाही सांगणार," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी फोन पालथा घातला. "बँकेनं सांगितलंय, कोड कुणालाही सांगायचा नाही. अगदी घरातल्यांनासुद्धा नाही."

"अहो, हा बँकेचा नाहीये!"

"ते लोक असंच म्हणतात."

शेवटी तडजोड अशी निघाली, की सासूबाई स्वतः येऊन कोड टाकतील आणि सूनबाई भिंतीकडे तोंड करून उभ्या राहतील. सासूबाईंनी चष्म्याचं घर उघडलं, त्यातला हिरव्या शिवणीचा जुना रुमाल काढला, दोन्ही काचा निगुतीनं पुसल्या, रुमालाची चौकोनी घडी केली, आणि एका बोटानं सहा आकडे टाकले. तोवर कोडची मुदत संपली. असं तीनदा झालं. मग कंपनीनं सुरक्षेच्या कारणास्तव चोवीस तासांसाठी दारच बंद केलं.

"बघ," सासूबाई म्हणाल्या, "चोरच होते. पळाले."

दुसऱ्या दिवशी नोंदणी झाली, तिसऱ्या दिवशी धुराचं ते रामायण झालं, आणि चौथ्या दिवसापासून बिल्डिंग रांग लावून सूनबाईंच्या दारात. एरवी 'ही बाई दिवसभर कॉम्प्युटरवर करते काय' असं विचारणाऱ्यांना आता नेमकं कळलं होतं.

समोरच्या वहिनी पेनड्राइव्ह घेऊन आल्या. लेकाच्या वाढदिवसाचा व्हिडिओ. "यातून फक्त माझ्या नणंदेला काढून टाका."

"काय झालं त्यांना?"

"तिला काय होतंय! मजेत आहे. मला नकोय, एवढंच."

"वहिनी, त्यांच्याच हातात केकची सुरी आहे. त्यांना काढलं तर सुरी हवेत राहील."

"राहू दे की," वहिनी म्हणाल्या. "सुरीशी माझं काही भांडण नाही."

सेक्रेटरी तर शपथेवर आल्यासारखे गंभीर होऊन आले. त्यांनी आधी एक पत्र दिलं, 'निवासी जागेत धूर निर्माण केल्याबद्दल खुलासा' मागणारं. सूनबाईंनी ते वाचून संपवेपर्यंत त्यांनी फोन पुढे केला. त्यात जिन्यातल्या भिंतीवर उमटलेल्या ओलीचा व्हिडिओ होता. तो तपासणी करणाऱ्या साहेबांना पाठवायचा होता. "एवढा डाग तेवढा पुसून द्या."

"पण भिंत?"

"भिंत कुठे पाठवायचीय? व्हिडिओ पाठवायचाय."

सूनबाईंनी बाणेदारपणे नकार दिला. सेक्रेटरी म्हणाले, "मग खुलासा तीन प्रतींत लागेल."

या सगळ्यांत एकच माणूस काही मागायला आला नाही. खालचे काका. सूनबाईंचे सासरे पाणीखात्यात साहेब होते तेव्हा हे काका त्यांच्या हाताखाली टंकलेखक होते. साहेब जाऊन अकरा वर्षं झाली तरी काका आजही त्यांना नुसतं 'साहेब' म्हणत. एरवी काकांना कशावरही सल्ला देण्याची सवय. नळाचा वायसर असो की कुणाची मूळव्याध, काकांकडे उपाय तयार. यावर मात्र ते दारातूनच म्हणाले, "सूनबाई, जुन्या चित्रांना हात लावू नये. जे आडवं आलंय, ते काही कारणानं आलं असेल."

"कसलं कारण, काका? माइकची काठी असते ती."

"काठीचं नाही म्हणत मी," काका म्हणाले, आणि खाली निघून गेले.

आठव्या दिवशी सासूबाई आल्या. त्या काही महत्त्वाचं बोलायच्या आधी घराची एक फेरी मारत. खिडकी लावत, पुन्हा उघडत. तशी मारून झाल्यावर त्यांनी टेबलावर एक सीडी ठेवली. सासऱ्यांच्या निरोप समारंभाची. खात्यानं दिलेली, अठरा वर्षांपूर्वीची. सासऱ्यांचं हलतंबोलतं असं घरात तेवढंच होतं.

"माणूस पुसता येतो म्हणे तुला."

"कुणाला पुसायचंय, आई?"

"आहे एक मेला. बघ तू."

सूनबाईंनी सीडी लावली. टेबल, पुष्पगुच्छ, मागे खात्याचा फलक. सासरे भाषणाला उभे. वरिष्ठांचे आभार, सहकाऱ्यांचे आभार, नव्या जलवाहिनीबद्दल चार वाक्यं. मग ते थांबले. म्हणाले, "आणि आमच्या घरी ज्या आहेत... त्यांना मी कधी..." नेमक्या त्याच क्षणी पहिल्या रांगेतून कुणीतरी उठला, आणि निळ्या चेक्सच्या शर्टाची एक भलीमोठी पाठ कॅमेऱ्यापुढे येऊन उभी राहिली. अकरा सेकंद. मागून काही ऐकू येत नाही. मग शर्टाआडून सासऱ्यांचा आवाज आला, "असो." टाळ्या. शर्ट बाजूला झाला तोवर सासरे खुर्चीत बसून पाणी पीत होते.

"मी तिसऱ्या रांगेत होते," सासूबाई म्हणाल्या. "मलाही हीच पाठ दिसली. अख्ख्या नोकरीत माझ्याबद्दल बोलायला एकदा उठले, आणि म्हणाले काय, तर 'असो'."

"तुम्ही विचारलं नाहीत कधी?"

"काय विचारणार? विचारलं असतं तर म्हणाले असते, असो." सासूबाईंनी सीडीच्या रिकाम्या डबीचं झाकण लावलं, उघडलं. "मला बाकी काही नको. कुठल्या तोंडानं म्हणाले, तेवढं एकदा बघायचंय. कंटाळून म्हणाले, की सगळ्यांपुढे लाज वाटली, की आणखी काही. मग मी मोकळी."

सूनबाईंना तिथेच 'नाही' म्हणायला हवं होतं. पण फॉर्ममधला सतरावा प्रश्न अजून कोरा होता: 'नको असलेली व्यक्ती किती सफाईने काढली जाते?' शिवाय सासूबाईंनी आजवर त्यांच्याकडे काही मागितलं नव्हतं. उलट टेबलाच्या त्या टोकाला सूनबाई पहिल्यांदा शिकायला बसल्या तेव्हा, 'तिला उठवू नकोस रे, तिचं चाललंय काहीतरी' असं मुलाला दटावणाऱ्या याच होत्या.

तीन दिवस सूनबाई शर्टाच्या मागे लागल्या. त्या शर्टाची एकेक घडी त्यांनी फ्रेमगणिक आखली. स्वयंपाक नवऱ्याकडे गेला. नवऱ्यानं पहिल्या दिवशी विचारलं, "हे कधी संपणार?" दुसऱ्या दिवशी विचारलं, "मीठ कुठे असतं?" तिसऱ्या दिवशी तो "असो" म्हणाला, तेव्हा दोघी बायकांनी एकदम मान वळवून त्याच्याकडे असं पाहिलं, की त्यानं भाजी पुन्हा केली.

अवजार चोख होतं, यात वाद नाही. शर्ट विरघळला. मागचा फलक आला, टेबलाची कड आली, पुष्पगुच्छाचा अर्धा झेंडूसुद्धा आला. आणि जिथे चेहरा हवा, तिथे त्या यंत्रानं व्हिडिओतल्या बाकीच्या ठिकाणांहून सासऱ्यांचा चेहरा गोळा करून अंदाजानं बसवला. आता बाकीच्या ठिकाणी सासरे काय करत होते? पुष्पगुच्छ स्वीकारत होते. फोटोसाठी हसत होते.

अकराव्या दिवशी दुपारी सासूबाई खुर्ची ओढून बसल्या. चष्मा पुसला. पडद्यावर सासरे म्हणाले, "त्यांना मी कधी..." मग अकरा सेकंद दात दाखवून छान हसले, आणि म्हणाले, "असो."

वर 'चाचणी प्रत' होतंच.

सासूबाईंनी चष्मा काढून पुन्हा लावला. मग म्हणाल्या, "हसण्यावारी नेलं होय."

"आई, नाही हो! हे खरं नाहीये. हा अंदाज आहे. यंत्रानं केलेला."

"मला दिसतंय ना समोर."

"दिसतंय, पण तसं झालेलं नाही!"

"मग काय झालं होतं?"

आता हे सूनबाई कुठून सांगणार? सासूबाई उठल्या. "काम चांगलं केलंस हं," जाता जाता त्या म्हणाल्या, आणि ते त्यांनी इतक्या मनापासून म्हटलं, की सूनबाईंना बाथरूममध्ये जाऊन नळ सोडावा लागला. सत्तेचाळीस वर्षांच्या आयुष्यात त्यांचं काम इतकं बेमालूम कधी जमलं नव्हतं. शिवण कुठेही दिसत नव्हती. तोच घोटाळा होता.

पुढचा दीड दिवस सासूबाईंनी घरात एकही खिडकी उघडली की लावली नाही. वाद न घालता प्रत्येक गोष्टीला 'बरं' म्हणत होत्या. हे लक्षण चांगलं नाही, हे नवऱ्यालासुद्धा कळलं.

तेराव्या दिवशी सूनबाई मूळ व्हिडिओ पुन्हा काढून बसल्या होत्या. शर्टाच्या कडेनं कुठे हनुवटी, कानाची पाळी, काही एक खरं दिसतं का, म्हणून मोठं करून करून बघत होत्या. तेवढ्यात खालच्या काकू नेलेली शिडी परत द्यायला आल्या. काका त्यांच्या मागे शिडीचं दुसरं टोक धरून. काकूंनी पडद्याकडे पाहिलं आणि शिडी तिथेच सोडून दिली. काका दारात शिडीसकट अडकले.

"अगं बाई! ही माझी कॉलर!"

"कुठली कॉलर, काकू?"

"ही काय! झिजली म्हणून उलटून शिवली होती मी. पांढरा दोरा संपला होता, म्हणून हिरव्यानं. बघ, बघ, हिरवे टाके. आणि काखेतलं हे ठिगळ. अहो, हे तुम्ही आहात!"

काकांनी शिडीच्या पायऱ्यांमधून पाहिलं. त्यांचा चेहरा परीक्षेत पकडल्यासारखा झाला होता.

आतून सासूबाई बाहेर आल्या. "भाऊजी? तुम्ही? अठरा वर्षं मी ज्याला शिव्या घालतेय, तो मेला तुम्ही?"

"हो, वहिनी," काका म्हणाले.

"आणि रोज माझ्या घरी चहा पिता!"

"साखर कमी घालता तुम्ही, तरी पितो," काका म्हणाले, पण त्यात नेहमीचा जोर नव्हता. त्यांनी शिडी भिंतीला टेकवली. बसायला सांगितलं तरी बसले नाहीत. "साहेबांनी सांगितलं होतं, घरी बोलू नकोस. म्हणून नाही बोललो. पण तुमच्या चेहऱ्याकडे दोन दिवस बघतोय मी. आता साहेब रागावले तर रागावू देत."

"काय झालं होतं?"

"बोलता बोलता साहेबांची हनुवटी हलायला लागली. आधी मला वाटलं, चक्कर आली. मी पहिल्या रांगेत. त्यांनी माझ्याकडे बघितलं. आम्ही वीस वर्षं असंच काम केलं, वहिनी; ते बघायचे आणि मला कळायचं कुठली फाइल. मी पाण्याचा ग्लास घेऊन गेलो. पाणी नको होतं त्यांना. आडोसा हवा होता. अख्ख्या हॉलसमोर साहेब रडत होते."

घसरू लागलेली शिडी काकांनी पुन्हा सरळ केली.

"हुंदका नाही. नुसतं गळत होतं, नळाचा वायसर गेल्यासारखं. स्वतःचा रुमाल सापडेना, तेव्हा माझ्या खिशातला ओढला. डोळे पुसले. मला म्हणाले, 'हलू नकोस.' मी हललो नाही. वाक्य पुरं करायला त्यांनी दोनदा तोंड उघडलं. नाही जमलं. मग 'असो' म्हणाले."

सासूबाईंनी बराच वेळ काकांकडे पाहिलं. काकांच्या तोंडावर त्यांना काहीतरी दिसत असावं. साहेबांचा तो चेहरा एवढ्या जवळून पाहिलेला तेवढा एकच माणूस होता.

"रुमाल कसला होता?" त्यांनी विचारलं.

उत्तर काकूंनी दिलं. "पांढरा. आणि कड हिरव्या दोऱ्याची. तेच रीळ. तो हरवला म्हणून मी यांना चार दिवस बोलत होते."

सासूबाईंनी चष्म्याचं घर उघडलं. चौकोनी घडी टेबलावर ठेवली. धुऊन धुऊन विरलेला, पण शिवण शाबूत.

"भांडले होते मी यावरून," त्या म्हणाल्या. "खिशात सापडला. कुणाचा म्हणून विचारलं. चार चार वेळा विचारलं."

"काय म्हणाले साहेब?"

"काय म्हणणार!" सासूबाई म्हणाल्या, आणि हसता हसता त्यांना डोळ्याला लावायला तोच रुमाल उचलावा लागला.

काकू रुमालाकडे बघत म्हणाल्या, "आता मी काही तो परत मागत नाही हं," आणि मग काकांनी खुर्ची घेतली. चहात त्या दिवशी साखर बरोबर होती.

त्या संध्याकाळी सूनबाईंनी फॉर्म पुरा केला. सतराव्या प्रश्नाला दहापैकी दहा दिले. अठरावा होता: 'रिकाम्या जागी भरलेले चित्र कितपत विश्वासार्ह?' तिथे त्यांनी लिहिलं, 'दिसायला दहा. खरं म्हणून शून्य.'

मालकांचा लगेच फोन. "मॅडम, याचा अर्थ काय? संच घ्यायचा की नाही?"

"घ्या. धुरासाठी घ्या. धूर अप्रतिम आहे. आमच्याकडे अख्खी बिल्डिंग खाली उतरली होती."

"आणि माणसं पुसायची असली तर?"

"माइकची काठी खुशाल पुसा. माणूस असला, तर तो तिथे का उभा होता, ते आधी घरी विचारून घ्यायचं. आणि चेहरा आपल्या मनानं भरायचा नाही."

पलीकडून पेन खरडल्याचा आवाज आला. सूनबाईंना वाटलं, झालं, आता पुन्हा ती बसमधली जागा. पण ते म्हणाले, "हे शेवटचं वाक्य नियम म्हणून भिंतीवर लावतो. खाली तुमचं नाव घालू ना, ताई?"

चौदाव्या दिवशी दुपारी सासूबाई खिडकी लावून, पुन्हा उघडून, टेबलापाशी आल्या. "लाव गं एकदा."

सूनबाई कचरल्या. तो हसरा चेहरा काढून टाकायचा राहून गेला होता. खुलाशाच्या तीन प्रती लिहिण्यात सकाळ गेली होती. पण लावल्यावर पाहतात, तर मुदत संपलेली. प्लगइन बंद. चेहरा नाही, 'चाचणी प्रत' नाही, काही नाही. सासरे म्हणाले, "त्यांना मी कधी..." आणि पहिल्या रांगेतून निळा चेक्सचा शर्ट उठून आपला आपण पुढे आला, रुंद, कळकट, कॉलरीला हिरवे टाके.

सासूबाईंनी खुर्ची जवळ ओढली. पडद्याला नाक लागेल इतक्या जवळ.

"हलू नकोस हं," त्या शर्टाला म्हणाल्या.